तुमच्या गाण्याची रिंगटोन: करून घेण्याआधी एवढं वाचा

पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवून “या गाण्याची रिंगटोन करून द्या” असं सांगणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात. गाणं कापायला दोन मिनिटं लागतात. कोणता तुकडा कापायचा हे ठरवायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि ते तुम्हीच ठरवायचं असतं. त्यासाठी हे पत्रक. हे वाचून तुम्ही घरच्या घरी रिंगटोन केलीत तरी आम्हाला आनंदच आहे.

रिंगटोन की कॉलर ट्यून?

आधी हा गोंधळ मिटवू. तुम्हाला फोन आला की तुमच्या फोनवर वाजते ती रिंगटोन. तिची फाइल तुमच्याच फोनमध्ये असते आणि तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत. तुम्हाला फोन लावणाऱ्याच्या कानात घंटीऐवजी जे गाणं वाजतं ती कॉलर ट्यून. ती सिम कंपनीकडून वाजते. आम्ही तुमच्या फोनमध्ये काहीही केलं तरी ती बदलत नाही. ती सिम कंपनीकडूनच लावून घ्यावी लागते.

तुकडा कसा निवडावा

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१९मध्ये ठरवून दिलंय की फोन उचलला नाही तर मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजेल. म्हणजे ३० सेकंदांपेक्षा मोठा तुकडा कोणी ऐकणारच नाही. आणि खरं तर पहिली तीन-चार सेकंदंच महत्त्वाची. तेवढ्यात “हा माझा फोन” हे कळलं पाहिजे. बरीच सुंदर गाणी सावकाश आलापाने किंवा हळूहळू चढत जाणाऱ्या वाद्यमेळाने सुरू होतात. ऐकायला ते छानच, पण एसटी स्टँडवर पिशवीत ठेवलेल्या फोनमधून तो आलाप कोणाला ऐकू येणार? सरळ मुखड्यावर या, किंवा दोन कडव्यांच्या मधल्या ठसठशीत म्युझिक पीसवर. आवडतं गाणं आणि चांगली रिंगटोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

दुसरी गोष्ट स्पीकरची. फोनचा स्पीकर नखाएवढा. खर्जातला आवाज त्यातून बाहेर पडतच नाही. तबल्याचा डग्गा, ढोलाचा घुमारा, बेस गिटार हे हेडफोनवर छाती भरून टाकतात आणि फोनवर गायब होतात. सनई, बासरी, पेटी, संबळ, ढोलकीची चाटी, गाणाऱ्याचा मोकळा आवाज हे मात्र स्वच्छ ऐकू येतं. म्हणून तुकडा हेडफोनवर ऐकून पसंत करू नका. फोन टेबलावर ठेवा, पंखा चालू करा, शेजारच्या खोलीत जा आणि मग ऐका.

घरातल्या वयस्कर माणसासाठी रिंगटोन करत असाल तर आणखी एक काळजी घ्या. वय वाढतं तसा कान आधी वरच्या पट्टीतले, बारीक तीव्र आवाज गमावतो. खालचे सूर स्पीकर खातो, वरचे कानाला पोचत नाहीत. उरते मधली पट्टी. पेटीचं मधलं सप्तक किंवा मोकळ्या आवाजातली एखादी ओळ त्यांना चटकन ऐकू जाते. “आजोबा फोनच उचलत नाहीत” ही तक्रार कितीदा तरी नुसत्या रिंगटोन बदलण्याने मिटलेली आम्ही पाहिली आहे.

प्रत्येक माणसाची वेगळी

माझ्या आईला मोतीबिंदूमुळे पडद्यावरचं नाव वाचता येईना, तेव्हा आम्ही चौघा भावंडांच्या नंबरांना चार वेगळ्या रिंगटोन लावल्या. ऑपरेशन होईपर्यंत ती आवाजावरून ओळखायची आणि नाव घेऊनच फोन उचलायची. तेव्हापासून नीट दिसत नसलेल्या ग्राहकांसाठी हे काम आम्ही मोफत करतो.

नंबर सिम कार्डावर साठवलेला असेल तर त्याला वेगळी रिंगटोन लागत नाही. तो आधी फोनच्या किंवा गुगल खात्याच्या कॉन्टॅक्टमध्ये घ्यावा लागतो. गाणंच हवं असंही नाही. नातवाचा “आजी, फोन घे” असा व्हॉट्सअॅपवर आलेला निरोपसुद्धा आम्ही एमपीथ्री करून लावून देतो. व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्या कॉलची रिंगटोन मात्र अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपच्याच सेटिंगमधून वेगळी लावायची असते.

घरी कापायचं असेल तर

कंप्युटरवर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरून उरतं. गाणं उघडा, हवा तो भाग निवडा. मग ‘झेड’ची कळ दाबा: निवडीच्या कडा ध्वनिलहरीच्या शून्यावर सरकतात आणि सुरुवातीला येणारा ‘टक्’ असा आवाज टळतो. शेवटी एक-दोन सेकंदांचा फेड-आउट द्या, म्हणजे आवाज हळूहळू विरत न्या. सुरुवातीला फेड-इन देऊ नका, म्हणजे आवाज हळूहळू चढवू नका, कारण त्यातच ती मोलाची पहिली सेकंदं जातात. खालचे सूर फिल्टरने थोडे काढून टाकले तर उरलेल्याचा आवाज जास्त वाढवता येतो. पण वाढवतानाही हात आवरा. लहरींची टोकं छाटली गेली की गाणं फाटतं.

तुकडा १०-१५ सेकंदांचाच असेल तर तो पुन्हा पहिल्यापासून वाजतो. अशा वेळी फेड-आउट नको. ताल केरवा असेल तर आठ मात्रांची आवर्तनं पूर्ण करा आणि बरोबर समेआधी, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेआधी कापा, म्हणजे परत सुरू होताना ताल अडखळत नाही. एमपीथ्री फाइलच्या टोकांना बारीकशी शांतता आपोआप जोडली जाते, तिने सम किंचित चुकते. अँड्रॉइड फोनसाठी ओजीजी प्रकारात फाइल सेव्ह केली की हा त्रास राहत नाही.

एमपीथ्री पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. दर वेळी आवाज थोडा विटतो. मूळ फाइल तशीच ठेवा आणि तुकडा एकदाच काढा. १२८ केबीपीएस या दर्जाला ३० सेकंदांची फाइल अर्ध्या एमबीच्या आसपास होते.

फोनमध्ये लावताना

अँड्रॉइडवर तुकडा फोनमधल्या ‘रिंगटोन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. सेटिंगमधल्या आवाजाच्या यादीत तो दिसू लागतो. बऱ्याच फोनमध्ये यादीच्या टोकाला अधिकचं चिन्ह असतं, तिथूनही फाइल घेता येते.

आयफोनला एमफोरआर ही फाइल लागते. अॅपलचं गॅरेजबँड अॅप फुकट आहे. त्यात गाणं घेऊन, कापून ‘शेअर’मधून रिंगटोन करता येते, मर्यादा ३० सेकंदांची. आयओएस २६ ही प्रणाली असलेल्या आयफोनवर हे काम आणखी सोपं झालंय: ‘फाइल्स’मध्ये ३० सेकंदांच्या आतली फाइल उघडून शेअरमधूनच थेट रिंगटोन लागते.

रिंगटोन कापायचं अॅप घेतलंत तर ते सिस्टीम सेटिंग बदलण्याची परवानगी मागेल, त्याशिवाय त्याला रिंगटोन लावताच येत नाही. पण एसएमएस वाचायची किंवा ‘अॅक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचण्याची परवानगी मागणारं अॅप ताबडतोब काढून टाका. गाणं कापायला तुमचा ओटीपी लागत नाही.

आम्ही काय करत नाही

गाण्यांच्या अॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कापता येत नाही. ते कुलूपबंद असतं, त्या अॅपबाहेर वाजत नाही, आणि ते कुलूप आम्ही तोडत नाही. मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचं कामही आम्ही घेत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या खासगी वापराला काही मोकळीक आहे, दुकानात बसून दुसऱ्याची गाणी विकायला नाही. ज्यांनी ती गायली-वाजवली त्यांच्या कष्टाचे पैसे आम्ही का घ्यावेत? गाणं तुम्ही विकत घेतलेलं आणा, तुमच्या सीडीतलं आणा, किंवा भजनी मंडळात स्वतः गायलेलं आणा. जुनी कॅसेट असेल तरी चालेल. डेक अजून सुरू आहे.

येताना फोन, पासवर्ड माहीत असलेला माणूस आणि गाण्यातली वेळ कागदावर लिहून आणा, उदाहरणार्थ “१ मिनिट १२ सेकंदांपासून”. रिंगटोन लावल्यावर आम्ही दुकानातून तुम्हाला फोन करतो, तेव्हा तुम्ही रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा. तिथे ऐकू आली नाही तर परत या, दुसरा तुकडा कापू.