पारंपरिक ज्ञानाचे संरक्षण (सोलापूर जिल्हा)

पिढ्यान् पिढ्या जपलेली बियाणी, जनावरांच्या जाती आणि त्यांविषयीची जाण कोणी परस्पर आपल्या नावावर करू नये, आणि त्यातून पैसा झालाच तर गावाला वाटा मिळावा, यासाठीची कायदेशीर तजवीज. सोलापूर जिल्ह्यात तिचा संबंध मुख्यतः रब्बी ज्वारी, खिलार बैल, दख्खनी मेंढी आणि माळरानावरच्या वनस्पतींशी येतो.

येथे एक गैरसमज फार पसरला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मालदांडी हे तिथले ज्वारीचे वाण सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. मानांकन राखते ते फक्त नाव. ठरलेल्या क्षेत्राबाहेरची ज्वारी ‘मंगळवेढ्याची’ म्हणून विकता येत नाही, पण तेच बियाणे बाहेर पेरायला आडकाठी नाही. हे नाव वापरण्यासाठी शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, आणि मानांकनाचे दर १० वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

बियाण्यासाठी २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. घरचे बियाणे राखणे, पेरणे, देणे-घेणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क त्यात मान्य आहे. संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही. गावरान वाणाची नोंदणीही होते. त्यासाठी वाण नवे असावे लागत नाही. वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य तपासले जाते. अडते ते एकसारखेपणावर. ज्वारी बहुतांशी स्वपरागी (स्वतःच्याच परागाने दाणा धरणारी) असली तरी थोडे परपरागण, म्हणजे दुसऱ्या ताटाच्या परागाशी संकर, होतेच. हुरड्याच्या गूळभेंडी वाणाला लागून मालदांडी असली, की काही हंगामांत भेसळीची कणसे दिसू लागतात. म्हणून बियाण्याची कणसे रानाच्या मधल्या भागातून आणि उभ्या पिकातच निवडावीत. खळ्यावर रास पडल्यावर ताटाची उंची, पानाच्या मधल्या शिरेचा रंग, पीक लवकर आले की उशिरा, यांतले काहीच कळत नाही.

माहितीच्या रक्षणासाठी जैवविविधता कायदा, २००२ आहे. त्यानुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकजैवविविधता नोंदवही (गावची जैवसंपदा आणि तिच्याविषयीची जाण यांची नोंद) तयार करते आणि व्यापारासाठी जैवसंपदा नेणाऱ्यांकडून शुल्क घेऊ शकते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या वह्यांसाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपयांचा भुर्दंड ठरवल्यावर देशभर वह्या घाईने भरल्या गेल्या. शेजारच्या गावाची यादी उतरवलेल्या वहीचा वाद उभा राहिल्यावर काही उपयोग नाही.

‘गूळभेंडी – हुरड्यासाठी’ एवढी नोंद अपुरी आहे. रान कोणते, पेरणी कोणत्या नक्षत्रात, हुरडा कितव्या दिवशी धरतो, आगटीत भाजलेले कणीस तळहातावर चोळल्यावर दाणा तुसातून सहज सुटतो का, माहिती कोणी दिली आणि ती लिहायला त्यांची संमती आहे का, हे सारे लिहावे. हुरड्याचे दिवस मोजकेच असतात. ते चुकले तर नोंद पुढच्या वर्षावर जाते.

लिखित पुराव्याचे मोल हळदीने दाखवले. जखमेवर हळद लावण्याचे १९९५ मधील अमेरिकी पेटंट जुने ग्रंथ आणि लेख पुढे केल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. कडुलिंबाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले, आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. सोलापूरच्या घराघरांत धान्याच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालतात, ते या ज्ञानाचेच दुसरे रूप. पारंपरिक ज्ञानाचा सरकारी डिजिटल संग्रह मात्र प्रामुख्याने आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांतून उभा राहिला. मेंढीच्या दुखण्यावर कोणता पाला चालतो हे धनगराच्या तोंडीच असते, ते त्यात कुठून येणार? भारतीय पेटंट कायदा समाजातले मौखिक ज्ञानही आक्षेपाचा आधार म्हणून मानतो. परदेशात मात्र बहुतेकदा कागद लागतो.

नोंदवहीत सगळेच उघड लिहिले तर पेटंटला अटकाव होतो, पण औषधाची कृती कोणाच्याही हाती जाते आणि वाटा मागायला जागा उरत नाही. त्यामुळे औषधाचे प्रमाण आणि कृती गोपनीय भागात ठेवून खुल्या भागात वनस्पतीचे स्थानिक नाव व वापर एवढेच नोंदवणे बरे. नान्नजसारख्या माळढोकच्या परिसरात पक्ष्यांच्या घरट्यांच्या नेमक्या जागाही खुल्या भागात देऊ नयेत.