तीन सेंटिमीटरची खाच

मायक्रोवेव्ह ओव्हनवर एक साधा प्रयोग करून पाहा. आधी प्लग काढून ठेवा. कागदाची एक पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर राहील अशी धरून दार लावा आणि पट्टी हळूच ओढा. बहुतेक ओव्हनमध्ये ती फारशी न अडता निघून येते. म्हणजे दार आणि चौकट यांच्यामध्ये फट आहे. शिवाय दोन्हीकडच्या पत्र्यावर रंगाचा थर असतो आणि रंगातून वीज वाहत नाही, त्यामुळे धातूला धातू नीट भिडलेला नसतोच. ज्या खोक्यात सातशे-आठशे वॉटच्या लहरी कोंडून ठेवायच्या, त्याच्या दाराला चारही बाजूंनी फट! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या ओव्हनचं दार बिघडलंय असंच वाटलं होतं. ते बिघडलेलं नव्हतं. फट आहे हे धरूनच ते दार बनवलेलं असतं आणि या सगळ्या यंत्रातलं सर्वांत देखणं काम माझ्या मते तिथेच आहे. पण दारापर्यंत जायच्या आधी लहरी कुठे जन्मतात ते पाहायला हवं.

लहरी तयार करणारा भाग म्हणजे मॅग्नेट्रॉन. दुरुस्तीसाठी उघडलेल्या ओव्हनमध्ये तो चटकन ओळखू येतो: ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत, तिच्या वर-खाली फेराइटच्या काळ्या गोल चुंबकचकत्या आणि एका टोकाला टोपी घातल्यासारखं धातूचं बोंड. ती पाती फक्त उष्णता घालवण्यासाठी. खरा कारभार त्यांच्या आतल्या तांब्याच्या निर्वात नळकांड्यात चालतो. मधोमध तापलेली तार, म्हणजे कॅथोड. तिच्याभोवती तांब्याचं कडं आणि त्या कड्यातून मध्याकडे डोकावणाऱ्या तांब्याच्या पाकळ्या, घरगुती मॅग्नेट्रॉनमध्ये सहसा दहा.

कॅथोडवर उणे चार हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन कड्याकडे झेपावतात, पण चुंबकामुळे त्यांची वाट वळते आणि ते पाकळ्यांच्या टोकांजवळून गोल फिरत जातात. बासरीच्या तोंडावरून फुंकर गेली की आतली हवा आपल्या ठरलेल्या सुरात थरथरते. तशीच इथे प्रत्येक दोन पाकळ्यांमधल्या पोकळीत वीज ठरलेल्या सुरात मागेपुढे होऊ लागते. तो सूर सेकंदाला २.४५ अब्ज आवर्तनांचा. पुढे ही थरथरच इलेक्ट्रॉनांना शिस्त लावते. काहींना ढकलते, काहींना रोखते आणि त्यांचा गोल ढग विरून चाकाच्या आऱ्यांसारखा आकार उरतो. दहा पाकळ्यांवर एकाआड एक धन आणि ऋण भार येतो, म्हणून आरे पाच. एका आवर्तनात आरा दोन पाकळ्या पुढे सरकतो, म्हणजे पूर्ण फेरीला पाच आवर्तनं लागतात. हिशेब मांडला तर जेमतेम बोटभर जागेत इलेक्ट्रॉनांचं हे चाक सेकंदाला ४९ कोटी वेळा फिरतं. दूध गरम करताना!

ही रचना स्वयंपाकासाठी सुचलेली नाही. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन पहिल्यांदा चालवला, तो युद्धातल्या रडारसाठी. विमानात बसेल एवढ्या लहान रडारला आखूड पण जोरकस लहरी हव्या होत्या आणि त्या देणारं दुसरं काही तेव्हा हाताशी नव्हतं. त्याच वर्षी हे तंत्र अमेरिकेत गेलं. तिथे रेथिऑन कंपनीत मॅग्नेट्रॉनच्या उत्पादनावर काम करणारे पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली गोड वडी चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळली, अशी हकिकत सांगितली जाते. वडी वितळणं तसं किरकोळ. स्पेन्सर यांचं मोठेपण असं की त्यांनी ते सोडून दिलं नाही. मक्याचे दाणे आणून लाह्या फोडून पाहिल्या आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलोंचा होता. त्याचा मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला पाण्याचे नळ जोडावे लागत. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन यायला १९६७ उजाडलं.

आजच्या ओव्हनमध्ये पाण्याऐवजी पंखा असतो. चार हजार व्होल्ट मिळवायची युक्तीही साधी आहे. जड ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या विजेचा दाब दोनेक हजारांवर नेतो आणि वीज साठवणारा एक कपॅसिटर व वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड मिळून तो जवळपास दुप्पट करतात. हा कपॅसिटर मात्र प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो आणि त्याचा झटका जीव घेऊ शकतो. म्हणून वर सांगितलेला कागदाचा प्रयोग जरूर करा, पण ओव्हनचं कव्हर कधीही उघडू नका. साध्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन चालतो तो पूर्ण जोरातच. ‘अर्धी शक्ती’ म्हणजे काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. कान देऊन ऐकलं तर तो गुणगुणाट लागताना आणि थांबताना कळतो. जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या ‘इन्व्हर्टर’ ओव्हनमध्ये ही शक्ती खरोखर कमी-जास्त करता येते.

मॅग्नेट्रॉनच्या बोंडातून निघालेली लहर पत्र्याच्या एका चौकोनी बोगद्यातून खोक्यात येते. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी एक चौकोनी चकती असते, ती त्या बोगद्याच्या तोंडावर बसवलेली. ती पुठ्ठ्याची नसून अभ्रकाची असते. लहर तिच्यातून जाते, पण वाफ आणि तेलाचे शिंतोडे अडतात. आमच्याकडे एकदा ही चकती पुसायची राहून गेली. तेलाचा एक डाग करपला, काळा झाला आणि पुढच्या वेळी तिथे चटचट ठिणग्या उडाल्या. करपलेल्या डागात कार्बन असतो, त्यातून वीज वाहते, तो आणखी तापतो, आणखी करपतो. नवी अभ्रकाची चकती मापाने कात्रीने कापून बसवली आणि ओव्हन पूर्ववत झाला. तेव्हापासून ती चकती पुसल्याशिवाय मी दार लावत नाही.

आता अन्न तापतं कसं? पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं. लहरीचं विद्युतक्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलतं आणि रेणू त्याच्यामागे वळायला बघतो. शेजारचे रेणू त्याला धरून असल्यामुळे वळणं नेहमी थोडं मागे पडतं, आणि त्या रस्सीखेचीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन अन्नात उतरते. २.४५ गिगाहर्ट्झ हा पाण्याचा ‘स्वतःचा’ सूर आहे आणि म्हणूनच तो निवडला, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते बरोबर नाही. पाणी सर्वांत जास्त ऊर्जा शोषतं ते याहून कितीतरी वरच्या वारंवारितेला. नेमकी ती निवडली असती तर सगळी ऊर्जा वरच्या सालीतच संपली असती. आजची लहर अन्नात एक ते तीन सेंटिमीटर शिरते आणि पुढचं काम नेहमीच्या उष्णतेच्या वहनाने होतं. त्यामुळे मायक्रोवेव्ह ‘आतून बाहेर’ शिजवतो हेही खरं नाही. त्याची झेप फक्त सालीपेक्षा खोल असते.

बर्फाचं वागणं वेगळं. त्यात रेणू जखडलेले असल्यामुळे तो पाण्याच्या तुलनेत नगण्य ऊर्जा शोषतो. गोठलेल्या पदार्थाचा एखादा कोपरा आधी वितळला की सगळी ऊर्जा तोच ओढू लागतो आणि बाजूला बर्फ असताना तो कोपरा उकळायला लागतो. डीफ्रॉस्टचं बटण म्हणूनच इतक्या वेळा थांबतं. त्या थांबण्यात उष्णतेला बर्फाकडे सरकायला सवड मिळते.

या लहरीची लांबी १२.२ सेंटिमीटर. चारी बाजूंच्या पत्र्यावरून ती परत परत उलटते, येणारी आणि जाणारी लहर एकमेकींत मिसळतात आणि खोक्यात काही जागा कायम जोराच्या, काही कायम थंड अशा ठरून जातात. दोन जोराच्या जागांमध्ये साधारण सहा सेंटिमीटर. फिरती काचेची थाळी असते ती याचसाठी: लहरीचा नकाशा हलवता येत नसेल तर अन्न हलवा. काही ओव्हन थाळीऐवजी वरच्या बाजूला फिरतं धातूचं पातं लावून नकाशाच हलवतात. थाळी तळापासून जराशी उचललेली असते, तेही सहज नाही. धातूच्या पत्र्याला अगदी लागून, त्याच्या पृष्ठभागालगत चालणारं विद्युतक्षेत्र शून्यावर येतं. अन्न थेट तळावर ठेवलं असतं तर त्याची खालची बाजू उपाशी राहिली असती.

आणि आता दार. काचेमागे भोकं पाडलेला पत्रा दिसतो. त्याची भोकं एक-दोन मिलिमीटरची, लहर १२२ मिलिमीटरची. लहर पत्र्यावर आपटते तेव्हा पत्र्यात वीज इकडून तिकडे धावते आणि ती धावणारी वीजच लहरीला परत फेकते. एवढंसं भोक त्या विजेच्या आड येत नाही, ती बाजूने वळसा घालते. भोकात डोकावलेलं क्षेत्र पत्र्याच्या जाडीतच विरतं. प्रकाशाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असल्याने त्याला मात्र हीच भोकं प्रशस्त वाटतात, म्हणून अन्न उकळताना दिसतं.

दाराच्या कडेची गोष्ट अवघड. भोकं गोल आणि सुटी असतात, पण फट लांबलचक चीर असते. चीर कितीही बारीक असली तरी लांब असली की लहर तिच्यातून सहज निसटते, कारण पत्र्यातल्या विजेला वळसा घालायला वाव उरत नाही. मग फट बुजवायची कशी? धातूच्या लवचीक पट्ट्यांनी धातूला धातू भिडवता येतो, पण हजारो वेळा उघडझाप करून, मधे खरकटं अडकून, पट्ट्या झिजून ते कधीतरी फसणारच. अभियंत्यांनी फट बुजवायचा नाद सोडला आणि लहरीलाच लहरीने अडवलं.

दाराच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. तिथे प्लास्टिकची पट्टी लागेल. तिच्यामागे दाराच्या चारही बाजूंनी एक खाच लपलेली असते. तिची खोली लहरीच्या लांबीच्या पाव, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर. जागा कमी म्हणून ती बहुधा घडी घालून बसवतात. फटीत शिरलेल्या लहरीला पुढे जायचं तर तिच्यासोबत पत्र्यातली वीजही पुढे जायला हवी, आणि तिच्या वाटेत ही खाच येते. लहरीचा काही भाग खाचेत उतरतो, तळाच्या पत्र्यावर उलटा होऊन परततो. उतरताना पाव, परतताना पाव, असा अर्ध्या लांबीचा प्रवास आणि तळाशी झालेली उलटापालट यांचा मेळ असा बसतो की खाचेच्या तोंडाशी वीज वाहणंच थांबतं. वीज थांबली की लहरीला पुढची वाट नाही, ती माघारी फिरते. खाचेपासून आणखी पाव लांबी आत, जिथे फट सुरू होते, तिथे लहरीच्या दृष्टीने जणू सलग पत्राच आहे. फट आहे, पण लहरीला ती दिसत नाही! प्लास्टिकची पट्टी काढली तर खाचेच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखे काप दिसतात. खाचेतूनच आडवं पळत जाऊन दुसरीकडून निसटणाऱ्या लहरीसाठी तो बंदोबस्त. धातूला धातू लागायची गरज नसल्याने रंग चालतो, कागदाची पट्टी चालते, थोडी झीजही चालते. दार वाकडं झालं, बिजागरी ढिली पडली तर मात्र चालत नाही, कारण हे सगळं मापावर उभं आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ओव्हनपासून पाच सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटच्या आतच असावी लागते.

खाच दार बंद असेपर्यंतची. उघडण्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. दाराचे हूक चौकटीत शिरतात तिथे सहसा तीन स्विच असतात. दोन स्विच दार जरा हललं की वीज तोडतात, एक फसला तर दुसरा आहे. तिसऱ्याचं काम मला विशेष भावतं. पहिले दोन्ही चिकटून बसले आणि दार उघडूनही वीज चालूच राहिली, तर तिसरा मुद्दाम शॉर्ट सर्किट करतो आणि फ्यूज उडवतो. दार उघडं ठेवून चालण्यापेक्षा ओव्हनने कायमचं बंद पडणं पत्करावं, असा तो निर्णय आहे.

तरीही वीज तुटणं आणि मॅग्नेट्रॉन पूर्ण विझणं यांत एक क्षण जातो. माणसाला त्याने काही होत नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला तो क्षण ऐकू येत होता. १९९८ पासूनच्या नोंदींत तिथे काही विचित्र, क्षणभराचे रेडिओ झटके सापडत होते. ते दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या झटक्यांसारखे दिसत, पण दुर्बिणीच्या सगळ्या शलाकांत, म्हणजे ती एकाच वेळी पाहत असलेल्या आकाशाच्या सगळ्या तुकड्यांत, एकदमच उमटत, म्हणजे उगम जवळचा असणार. शिवाय ते बहुतेक कामाच्या वेळातच येत. त्यांना पेरिटॉन असं नाव पडलं. एमिली पेट्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनवर चाचण्या घेतल्या. आधी ओव्हन नेहमीसारखे चालवून वेळ संपल्यावर आपोआप थांबू दिले, तेव्हा एकही पेरिटॉन आला नाही. मग ओव्हन चालू असतानाच दार ओढून उघडलं, आणि दुर्बिणीवर पेरिटॉन उमटला.