बर्फाने चेपलेलं विमान परत उडवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

बर्फात ठेवलेली वस्तू टिकते असं आपण धरून चालतो, फ्रीजरमध्ये मटार वर्षभर राहतात तसं. ग्रीनलँडमध्ये पुरलेलं एक फायटर विमान शोधायला निघालेल्या लोकांनाही आधी साधारण असंच वाटत होतं, की शेपटी कुठेतरी बर्फातून डोकावत असेल, थोडं खणलं, साफसफाई केली की झालं. प्रत्यक्षात ते विमान बाहेर काढून परत उडवायला शोध सुरू झाल्यापासून एकवीस वर्षं लागली.

गोष्ट अशी. 15 जुलै 1942, दुसरं महायुद्ध चालू, अमेरिकेतून ब्रिटनला विमानं चाललेली, वाटेत ग्रीनलँड आणि आइसलँडचे थांबे. सहा पी-38 लायटनिंग फायटर आणि दोन बी-17 बॉम्बर अशा आठ विमानांना पुढे खराब हवामान लागलं, मागे फिरले तर इंधन संपत आलेलं, मग सगळे ग्रीनलँडच्या बर्फाच्या पठारावरच उतरले. पहिल्याने चाकं बाहेर काढून उतरायचा प्रयत्न केला आणि विमान उलटलं, ते बघून बाकीच्यांनी चाकं आतच ठेवून पोटावर विमानं घसरवली. 25 जण होते, सगळे वाचले. विमानं मात्र तिथेच राहिली.

1981 पासून पॅट एप्स आणि रिचर्ड टेलर या अमेरिकन मित्रांनी शोध सुरू केला. अनेक मोहिमा रिकाम्या गेल्या, शेवटी 1988 मध्ये बर्फाच्या पोटात बघणाऱ्या रडारने जागा सापडली. ज्या पी-38 पर्यंत शेवटी पोचले ते 268 फूट खाली होतं, म्हणजे जवळपास पंचवीस मजली बिल्डिंग! पन्नास वर्षांत 268 फूट म्हणजे वर्षाला पाच फुटांच्या वर, आणि हा आधीच दाबला गेलेला बर्फ. ताजं भुसभुशीत हिम वरच्या थरांच्या वजनाने दबतं, कणाकणांमधली हवा कमी कमी होत जाते, आणि शेवटी त्याचा घट्ट बर्फ होतो.

आता एक ढोबळ हिशोब बघा. 268 फूट म्हणजे 82 मीटर. वरचं हलकं हिम आणि खालचा घट्ट बर्फ मिळून सरासरी घनता पाण्याच्या सत्तर टक्के धरली तरी दर चौरस मीटरवर पन्नास टनांच्या वर वजन येतं. एका पंखावर किती चौरस मीटर असतील त्याचा विचार करा. त्यात बर्फ नुसता बसून राहत नाही, तो अतिशय हळू वाहतो, सरकतो, आणि खाली पोकळ जागा असली की तिला दाबत आत येतो. म्हणूनच 1990 मध्ये आधी ज्या बी-17 पर्यंत पोचले ते पूर्ण चेपलेलं निघालं, एवढं मोठं पोकळ पोट कसं टिकणार. पी-38 लहान आणि दणकट, ते तगलं.

तिथपर्यंत जायची युक्ती मला फार आवडते. शंकूसारखं एक यंत्र, त्याच्याभोवती तांब्याची नळी गुंडाळलेली, नळीतून गरम पाणी फिरवायचं आणि ते साखळीला लटकवून सोडून द्यायचं, ते स्वतःच्या वजनाने बर्फ वितळवत खाली जातं. वितळलेलं पाणी पंपाने वर. असं चार फूट रुंदीचं विहिरीसारखं भोक पाडलं, मग माणसं खाली उतरली आणि गरम पाण्याच्या फवाऱ्याने विमानाभोवती चक्क गुहा कोरली. विमान सुटं करून तुकड्या-तुकड्यांनी वर आणलं, शेवटचा मधला भाग सुमारे तीन टनांचा, तो 1 ऑगस्ट 1992 ला बाहेर आला. नाव पडलं ग्लेशियर गर्ल.

इथून पुढचं काम अमेरिकेत केंटकीमधल्या मिडल्सबरो नावाच्या छोट्या गावातल्या हँगरमध्ये झालं, रॉय शॉफनर या उद्योजकाचा पैसा आणि बॉब कार्डिन यांची देखरेख. आणि इथेच खरं विज्ञान सुरू होतं असं मला वाटतं. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो तोच त्याला वाचवतो, शिवाय थंडीत रासायनिक क्रिया मंद चालतात, त्यामुळे समुद्रातून काढलेल्या विमानापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण पत्रा गंजला नाही म्हणजे तो उडायच्या लायकीचा आहे असं नाही. तो वाकलाय, आणि वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला तर दिसायला सरळ होतो, आतून नाही.

पुण्यात तांबट आळीत कधी उभं राहून बघितलंत तर हे लगेच कळेल. तांब्याचं भांडं ठोकता ठोकता कडक होत जातं, तसंच ठोकत राहिलं तर तडकतं, म्हणून कारागीर मधेच ते भट्टीत लाल करून परत मऊ करून घेतात. विमानाच्या पत्र्याला ही सोय तेवढी सरळ नाही. तो शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो, त्यात चारेक टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम असतं. 1906 च्या सुमारास आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुतज्ज्ञाच्या लक्षात आलं होतं की असा मिश्रधातू पाचशे अंशांच्या आसपास तापवून एकदम पाण्यात गार केला की आधी मऊ असतो, आणि मग नुसता ठेवून दिला तरी काही दिवसांत आपोआप कडक होतो. आत तांब्याचे अणू सूक्ष्म पुंजके करून बसतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरायला अडवतात. चुकीचं तापमान दिलं की हे पुंजके मोठे होऊन निरुपयोगी होतात आणि पत्रा दिसायला तसाच पण ताकदीने निम्मा. म्हणून खूप ठिकाणी जुना चुरगळलेला पत्रा हलक्या हाताने उलगडतात, त्याच्यावरून माप आणि रिवेटच्या (पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या ठोकायच्या खिळ्यांच्या) भोकांच्या जागा घेतात आणि नवीन पत्रा कापतात. मूळ तुकडा तेव्हा नकाशाचं काम करतो.

रिवेटचं तर अजून मजेशीर आहे. आपल्या जुन्या लाल एसटीच्या बॉडीवर रिवेटच्या रांगा असायच्या, आठवत असतील, तसलेच पण विमानात हजारो. त्यातले जास्त ताकदीचे जे असतात ते तापवून गार केल्यावर फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात, कारण बाहेर ठेवले तर ठोकायच्या आतच कडक होतील. इडलीचं पीठ जास्त आंबू नये म्हणून आपण फ्रीजमध्ये ठेवतो अगदी तसं, थंडीने क्रिया मंदावते. बाहेर काढला की काही प्रकारांत दहा-वीस मिनिटांतच ठोकायचा, एकजण बाहेरून रिवेट ठोकायची गन धरतो, दुसरा आत अडचणीत हात घालून मागे लोखंडी ठोकळा धरतो, आणि एकदा भोकात घट्ट बसला की मग तो तिथेच हळूहळू कडक होतो.

मग येतात तडे, जे डोळ्याला दिसतच नाहीत. जुने मेकॅनिक रॉकेल आणि खडूने बघायचे. पार्ट रॉकेलने भिजवायचा, पुसून कोरडा करायचा, वर खडूची पूड, तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन ओली रेघ उमटते. विमानाच्या कामात हेच, फक्त लाल रंगाचं पातळ द्रव आणि पांढरी पावडर वापरतात. पांढऱ्याशुभ्र पार्टवर काही मिनिटांनी केसाएवढी लाल रेघ उमटते आणि तो पार्ट, मग तो कितीही दुर्मिळ असू दे, बाद. पोलादी पार्टला चुंबकत्व देऊन वर लोखंडाची पूड टाकतात, ती तड्यापाशी जमते.

इंजिनं दोन, ॲलिसन कंपनीची, प्रत्येकी 12 सिलिंडर आणि 28 लिटर, आपल्या साध्या कारचं 1.2 लिटर असतं. त्यात दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात म्हणजे विमान एका बाजूला ओढत नाही, पण याचा अर्थ डावं आणि उजवं इंजिन हुबेहूब सारखं नाही, एकाचं दुसऱ्याला तसंच्या तसं लावता येत नाही.

एवढं बदलल्यावर ते जुनं विमान राहतं का, असं बरेच लोक विचारतात. मला विचाराल तर म्युझियममध्ये उभं ठेवायचं असेल तर जुना पत्रा ठेवा, पण आत माणूस बसणार असेल तर बाद पार्ट बादच, तिथे भावना मधे आणू नये. आपल्या हवाई दलाकडे 2018 मध्ये ब्रिटनहून दुरुस्त होऊन उडत आलेलं परशुराम हे डाकोटा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं मालवाहू विमान, आहे, त्याच्यावर व्हीपी 905 हा नंबर रंगवलाय, 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला जवान घेऊन गेलेल्या डाकोटाची आठवण म्हणून. परशुराम म्हणजे 1947 चं ते मूळचं विमान नव्हे, पण ते उडताना बघून मन भरून येतंच.

26 ऑक्टोबर 2002 ला मिडल्सबरोमध्ये हजारो लोक जमले आणि स्टीव्ह हिंटन या पायलटने ग्लेशियर गर्ल हवेत नेली. साठ वर्षांनी. पुढे 2007 च्या जूनमध्ये तिचा अर्धवट राहिलेला प्रवास पुरा करायचा म्हणून तिला अमेरिकेतून इंग्लंडमधल्या डक्सफर्डकडे रवाना केलं, ग्रीनलँडवरूनच जायचं होतं. कॅनडातल्या गूज बेपर्यंत पोचली, आणि तिथे उजव्या इंजिनातून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गळायला लागलं म्हणून पायलटने शहाणपणाने तिला परत खाली उतरवलं.