सोन्याचा कण थांबतो कुठे?

सोन्याचं पाणी कशावरही चढतं, असा आपला समज असतो. तांब्यावर चढतं, चांदीवर चढतं, देवळाच्या कळसावरही चढतं. ग्रॅफाइटच्या स्फटिकाने मात्र मला हा समज सोडायला लावला.

एचओपीजी नावाच्या अतिशय सुबक ग्रॅफाइटची नखाएवढी वडी घ्यायची. तिच्यावर साधी चिकटपट्टी दाबून लावायची आणि सावकाश ओढायची. पट्टीवर राखाडी पापुद्रा निघून येतो आणि खाली आरशासारखा लखलखीत पृष्ठभाग उघडा पडतो. २००४ मध्ये ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा एकच सुटा थर, वेगळं केलं गेलं तेही अशाच चिकटपट्टीने. मग निर्वात पेटीत सोनं तापवून त्याची वाफ या पृष्ठभागावर बसू द्यायची, तीही सलग एक थर होणार नाही इतकी थोडी. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की सपाट भाग बराचसा मोकळा दिसतो, आणि सोनं पायऱ्यांच्या कडेने मण्यांसारखं ओळीत बसलेलं असतं.

या पायऱ्या म्हणजे जिथे ग्रॅफाइटचा एखादा थर अर्धवट संपतो त्या कडा. एका थराची उंची ०.३३५ नॅनोमीटर. थराच्या आत प्रत्येक कार्बन अणूने तीन शेजारी घट्ट धरलेले असतात आणि चौथा इलेक्ट्रॉन अख्ख्या थराच्या सामायिक खात्यात जमा असतो. आल्या-गेल्याला धरायला मोकळा हातच नाही. कडेच्या अणूंचे बंध मात्र अपुरे असतात, म्हणून सोनं तिथे अडकतं.

पण एकेकटा अणू घरंगळतो हे एक वेळ पटतं. शेकडो अणूंचा अख्खा कण कसा घरंगळतो? मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. अंड्यांचे दोन सारखे ट्रे एकमेकांवर ठेवले तर खाचेत खाच बसते आणि वरचा हलत नाही. खाचांचं अंतर वेगळं असेल तर वरचा ट्रे कुठेच धड बसत नाही. सोन्याच्या दोन अणूंमधलं अंतर ०.२८८ नॅनोमीटर, ग्रॅफाइटच्या खळग्यांमधलं ०.२४६. कणाचा एक अणू खळग्यात उतरतो तेव्हा दुसरा उंचवट्यावर असतो, ओढाताण एकमेकांना काटते, आणि साध्या उष्णतेच्या थरथरीनेही कण सरकत राहतो. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या संशोधकांनी १९९५ मध्ये अँटिमनीचे सुमारे २,३०० अणूंचे कण ग्रॅफाइटवर सोडले. विसरण गुणांक, म्हणजे कण किती झपाट्याने भटकतो याचं माप, आला सेकंदाला १०⁻⁸ चौरस सेंटिमीटरच्या घरात. म्हणजे जेमतेम ५ नॅनोमीटरचा कण खोलीच्या तापमानाला एका सेकंदात साधारण २,००० नॅनोमीटर दूर जातो, आपल्या रुंदीच्या चारशे पट!

त्याला थांबवायचं तर पृष्ठभागाला इजा करावी लागते. आरगॉनच्या आयनांचा मारा करून खड्डे पाडता येतात. किंवा कणच जोरात आदळायचा, इतका की खालचा एखादा कार्बन अणू जागचा उडेल आणि कण त्या रिकाम्या जागी रुतेल. जोर कमी पडला तर कण निसटतो, जास्त झाला तर ग्रॅफाइटच्या आत घुसतो.

‘नॅनो-सोन्याच्या’ लॉकेटमधून ऊर्जा मिळते अशा जाहिराती सर्रास दिसतात. कण केवढा, कशावर बसवलाय आणि तिथे टिकतो का, एवढं तरी विकणाऱ्याला विचारा. याचं उत्तर नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

खऱ्या उपयोगात याच प्रश्नांवर सगळं अडतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी देशी बस दाखवली गेली. अशा वाहनांच्या फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या भागात, सहसा कार्बनच्या भुकटीवर काही नॅनोमीटरचे प्लॅटिनमचे कण बसवलेले असतात. ते सरकून एकमेकांत मिसळले, किंवा लहान कण विरघळून मोठ्यांवर जाऊन बसले, की प्लॅटिनम तेवढंच राहतं पण त्याचा उघडा पृष्ठभाग घटतो आणि सेल मंदावतो. म्हणून ती भुकटी मुद्दाम खडबडीत ठेवतात, तिच्यात नायट्रोजनचे अणू पेरून पाहतात.

आमच्या वडीवरचं सोनं काढायला मात्र काहीच खटपट नाही. पुन्हा चिकटपट्टी लावायची, वरचे थर सोन्यासकट निघून येतात आणि खाली कोरा ग्रॅफाइट तयार.