टोमॅटोवरचा मोझॅक: माव्याने आणलेला की हातांनी पसरवलेला?

शेंड्याची पानं फिकट-गडद हिरवी, चट्टेरी झाली, अरुंद झाली, झाड खुरटलं की 'व्हायरस आला' म्हणत कीटकनाशकाचा पंप बाहेर निघतो. या चट्ट्यांनाच मोझॅक म्हणतात. पण असं पान करणारे मुख्य विषाणू दोन आहेत. काकडी मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही, मावा आणतो. टोमॅटो मोझॅक विषाणूला (टीओएमव्ही) कोणत्याही किडीची गरज नसते. तो बियाण्यातून किंवा जुन्या अवशेषांतून येतो आणि मजुरांचे हात, कपडे, सुतळी, कात्री यांवरून फिरतो. त्याच्यासाठी माव्याची फवारणी केली तर पैसे पाण्यात.

पान बघताना भर उन्हात बघू नका, मोझॅक दिसत नाही. झाडावर स्वतःची सावली पाडा आणि शेंड्याकडची कोवळी पानं तपासा. सीएमव्ही जोरात असेल तर पानाचं पातं जवळजवळ नाहीसं होतं, मधली शीर तेवढी उरते आणि पान पीळ दिलेल्या सुतळीसारखं लोंबतं. टीओएमव्हीत पातं बहुधा टिकतं. त्यावर गडद हिरवे, किंचित उचललेले फुगवटे दिसतात. मात्र थंडीत आणि कमी उजेडात टीओएमव्हीचं पानही निमुळतं होतं, त्यामुळे एका पानावर निकाल देऊ नका. सीएमव्हीची आणखी एक खूण अशी, की अनेकदा खालची आणि शेंड्याची पानं बिघडलेली असतात, पण मधली चांगली दिसतात.

फळावरून थोडीच मदत होते. टीओएमव्हीत पिकायला आलेलं फळ कापलं तर सालीलगतच्या गरात तपकिरी डाग सापडू शकतात, पण पालाश कमी पडलं तरी तसंच होतं. सीएमव्हीत फळं बारीक, कमी आणि रंगाला असमान. 2020 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात ज्या टोमॅटोला शेतकऱ्यांनी 'तिरंगा' म्हटलं, त्याच्या नमुन्यांत बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेला सीएमव्हीसह एकापेक्षा जास्त विषाणू आढळले होते. म्हणजे एकाच झाडावर दोघे असणंही शक्य आहे.

खरा पुरावा प्लॉटच्या नकाशात असतो. बाधित झाडांना फिती बांधा आणि बांधावरून बघा. टीओएमव्ही ओळीनं चालतो. बगलफुटी काढल्यावर किंवा बांधणी केल्यावर दीड-दोन आठवड्यांनी, मजूर ज्या दिशेनं गेले त्याच दिशेनं एकापाठोपाठ झाडं दिसू लागतात. सीएमव्ही विखुरलेला असतो, कडेला जास्त. त्यातही शेजारी काकडी, भोपळा, मिरची किंवा केळी असेल त्या बाजूला. जळगावकडे केळीवर ज्याला हरण्या म्हणतात तो हाच विषाणू. बांधावरचा केना आणि कामुनीही त्याला सांभाळतात.

'पण माझ्या टोमॅटोवर मावा दिसतच नाही,' हा आक्षेप नेहमी येतो. दिसायची गरज नसते. पंखांचा मावा बाहेरून येतो, सोंड टोचून चव बघतो आणि पुढे उडतो. विषाणू उचलायला आणि सोडायला त्याला काही सेकंद ते मिनिटभर पुरतं. कीटकनाशक त्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं. उलट औषधाने अस्वस्थ झालेला मावा जास्त झाडांना टोचू शकतो.

म्हणून सीएमव्हीचा बंदोबस्त लागवडीआधीच करायचा. रोपं 40 ते 50 मेशच्या (इंचाला तेवढी छिद्रं असलेल्या) जाळीत वाढवा. चंदेरी मल्चिंग पेपर वापरा, त्याच्या चमकेने मावा उतरायला बिचकतो. लागवडीच्या सुमारे तीन आठवडे आधी चारही बाजूंनी मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा. मावा आधी मक्यावर टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच संपतो. खनिज तेलाची 1 टक्का फवारणी, म्हणजे लिटरला 10 मिली, संसर्ग कमी करते. ती गंधकासोबत किंवा भर उन्हात नको, पानं करपतात.

टीओएमव्हीत सगळं लक्ष हातांवर. तंबाखू मळून थेट झाडाला हात लावू देऊ नका, तंबाखूत याच घराण्यातला विषाणू जिवंत असतो आणि तो टोमॅटोलाही लागतो. साबणाने हात धुवा. कामादरम्यान लिटरभर पाण्यात 200 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर कालवून त्यात हात बुडवत राहा. निरोगी ओळी आधी, बाधित शेवटी. जुनी सुतळी पुन्हा वापरू नका. घरचं बी असेल तर 10 टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये (100 ग्रॅम प्रति लिटर) 15 मिनिटं बुडवून वाहत्या पाण्यात धुवा. कंपनीच्या औषध लावलेल्या बियाण्याला हे करू नका. मुळांच्या अवशेषांत हा विषाणू दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो, तेव्हा त्या जागी लगेच टोमॅटो, मिरची नको.

वाणाचं पाकीटही वाचा. टीओएमव्हीला प्रतिकारक असं लिहिलं असेल आणि तरी मोझॅक आला, तर संशय आधी सीएमव्हीवर घ्या.

आणि एक तिसरा भामटा: टू-फोर-डी. शेजारच्या उसात तणनाशक मारलं आणि वारा तुमच्याकडे होता, तर पानं अशीच अरुंद होतात. पण शिरा समांतर, पंख्यासारख्या पसरतात, चट्टे नसतात, वाऱ्याकडच्या बाजूची झाडं एकदम बिघडतात आणि बांधावरचं रुंद पानांचं तणही वाकडं होतं. मात्रा कमी असेल तर नवी फूट सरळ येते, म्हणून झाडं उपटण्याआधी दोन आठवडे थांबा.

शंका उरलीच तर पट्टी चाचणी, म्हणजे पानाच्या रसात बुडवून विषाणू ओळखणारी पट्टी, काही मिनिटांत उत्तर देते. कोवळं, ठळक लक्षणं असलेलं पान घ्या, वाळलेलं नको.