प्लॉट आता, घर काही वर्षांनी: सही करण्याआधी जमीन कशी पाहावी

आम्ही जमीन मोजतो, माती तपासतो आणि पायाचा आराखडा करून देतो. आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक प्लॉट घेऊन काही वर्षं उलटल्यावर, घराचा नकाशा तयार करून येतात. तोवर पाया किती महाग पडेल एवढंच सांगणं आमच्या हातात उरलेलं असतं. हीच तपासणी व्यवहाराआधी झाली, तर भाव कमी करून मागता येतो किंवा सरळ दुसरा प्लॉट पाहता येतो. त्यामुळे या पत्रकात आमचा एकच आग्रह आहे: मोजणी आणि माती परीक्षण घर बांधायच्या वेळेवर ढकलू नका, प्लॉट घेण्याआधी करून घ्या.

हद्द आणि आकार

विक्रेता चार कोपऱ्यांवर खुंट्या दाखवतो. त्या कोणी, कधी आणि कोणत्या नकाशावरून ठोकल्या, हे विचारा. मोबाइलच्या नकाशात आपण उभे असलेला ठिपका प्लॉटच्या आत दिसला म्हणून हद्द बरोबर आहे असं समजू नका. मोकळ्या आकाशाखालीही साध्या मोबाइलच्या जीपीएसमध्ये सुमारे ५ मीटरपर्यंत फरक पडतो. भोवती झाडं किंवा इमारती असतील तर आणखी. १२ मीटर रुंदीच्या प्लॉटवर ५ मीटरची चूक म्हणजे तुम्ही शेजाऱ्याच्या जागेत उभे असू शकता. कागदी नकाशालाही मर्यादा आहे. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर १ मीटरचा पट्टा व्यापते, आणि नेमका तोच पट्टा पुढे भांडणाचा विषय होतो.

एक तपासणी मात्र टेप घेऊन घरच्या दोन माणसांना करता येते. प्लॉट १२ बाय २० मीटरचा आयत असेल, तर त्याचे दोन्ही कर्ण २३.३२ मीटर यायला हवेत. एक २४ आणि दुसरा २२.६३ आला, तर चारही बाजू बरोबर असूनही कोपरे काटकोनात नाहीत. अशा वेळी क्षेत्रफळात फारसा फरक दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण काटकोनी घर बसवायला गेलं की पुढे आणि मागे तिरके तुकडे वाया जातात.

क्षेत्रफळाबद्दल आणखी एक. भाव २४० चौरस मीटरचा ठरतो, घर तेवढ्यावर उभं राहत नाही. समजा नियमानुसार समोर आणि मागे ३-३ मीटर, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळी जागा सोडावी लागली. उरते ९ बाय १४, म्हणजे १२६ चौरस मीटर. हे अंतर ठिकाणानुसार बदलतं, त्यामुळे तिथल्या बांधकाम परवानगीच्या कार्यालयात विचारून हीच आकडेमोड आपल्या प्लॉटसाठी करा. अरुंद आणि त्रिकोणी प्लॉट स्वस्त का मिळतात, ते तेव्हा कळेल.

रस्ता वापरात आहे आणि रस्त्याचा हक्क आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल, तर वहिवाटीचा हक्क लेखी आणि नोंदलेला हवा.

माती

सगळ्यात जास्त पैसा इथे अडकतो, आणि प्लॉट पाहताना सगळ्यात कमी लक्ष इथेच जातं.

सपाट, स्वच्छ, रस्त्याच्या पातळीला आणलेला प्लॉट पाहून लोक खूश होतात. आम्ही आधी विचारतो, ही पातळी कुठून आली? खोलगट जागेत भराव टाकला असेल, तर खणल्यावर विटांचे तुकडे, प्लास्टिक, वेगवेगळ्या रंगांची माती एकाच थरात सापडते. राडारोडा आणि कचऱ्याचा भराव कितीही जुना झाला तरी भरवशाचा होत नाही, कारण आतलं कुजणारं कुजत राहतं आणि पोकळ्या उरतात. तो काढून टाकावा लागतो किंवा पाया त्याच्या खाली मूळ जमिनीपर्यंत न्यावा लागतो.

खाली मऊ चिकणमाती असेल तर वेगळी गोष्ट घडते. वर वजन आलं की तिच्यातलं पाणी फार सावकाश बाहेर पडतं आणि जमीन तितकी खचते. वाळूत हे लवकर आटोपतं, चिकणमातीत वर्षं लागतात. पिसाचा मनोरा याचं गाजलेलं उदाहरण आहे. त्याचं काम ११७३ मध्ये सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत येताच तो मऊ मातीत एका बाजूने खचू लागला. लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षं थांबलं. तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली, नाहीतर मनोरा बहुधा तेव्हाच कोसळला असता, असं अभियंते मानतात.

उशिरा घर बांधणाऱ्याला यातून फायदा करून घेता येतो. प्लॉट खोलगट आहे आणि भराव टाकावाच लागणार आहे, तर बांधकामाच्या वर्षाची वाट पाहू नका. चांगला मुरूम २० ते ३० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलरने दाबत आताच टाकून घ्या. खुणेचे दगड बसवले तर आम्ही दरवर्षी पातळी मोजून जमीन किती खचली ते लिहून देतो. खचणं थांबल्यावर बांधायला घेतलं की पाया सोपा होतो.

काळी, उन्हात रुंद भेगा पडणारी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. ती वर्षानुवर्षं थांबूनही बदलत नाही. मोठं झाड जवळ असेल तर ते मातीतलं पाणी ओढून घेतं. बांधकामाच्या तोंडावर ते तोडलं, तर कोरडी झालेली चिकणमाती पुढे पाणी धरून फुगते आणि नव्या भिंतींना तडे जाऊ शकतात. झाड काढायचंच असेल (आणि काढायची परवानगी असेल), तर ते आधी काढून जमिनीला वेळ द्या. आमचं मत विचाराल तर झाड ठेवा, घर थोडं सरकवा.

लहान घरासाठी आम्ही दीड-दोन मीटरचा खड्डा घेऊन थर पाहतो. शंका आली तर बोअर घेतो. त्यात ६३.५ किलोचा घण सुमारे ७५ सेंटिमीटरवरून टाकत नमुन्याची नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. ठोके कमी लागले तर माती मऊ.

उतार आणि पाणी

१० टक्के उतार डोळ्यांना सौम्य वाटतो, पण २० मीटर लांबीच्या प्लॉटवर तो २ मीटरचा फरक असतो. एवढी माती अडवणाऱ्या भिंतीला स्वतंत्र आराखडा लागतो आणि तिचा खर्च प्लॉटच्या भावात धरलेला नसतो.

प्लॉट एकदा तरी भर पावसात पाहा. कोरड्या दिवसांत जाणार असाल तर शेजारच्या जुन्या भिंतींवर पाण्याच्या खुणा शोधा आणि वरच्या बाजूचं पाणी कुठून वाहतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. बुजवलेला ओढा पावसात आपली वाट पुन्हा धरतो. सांडपाण्याची वाहिनी नसेल तर शोषखड्डा लागेल. त्यासाठी खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात जिरतं, हेही आम्ही मोजून देतो.

मधली वर्षं

मालकीचे कागद, कर्जाचा बोजा, वारसांच्या सह्या हे वकिलाचं काम आहे, आम्ही त्यात मत देत नाही. एवढंच सांगतो की घर ठरावीक मुदतीत बांधण्याची अट खरेदीखतात आहे का, ते वकिलाला नक्की पाहायला सांगा. लगेच बांधायचं नसलेल्यांना ती अट महागात पडते. बांधकाम परवानगीलाही मुदत असते, तेव्हा ती फार आधी काढून ठेवू नका.

व्यवहार झाला की कोपऱ्यांवर काँक्रीटचे पक्के खांब आणि भोवती कुंपण. रिकाम्या प्लॉटवर आधी राडारोडा येतो, मग कुणाची तरी गाडी, मग छप्पर. अनेक देशांच्या कायद्यात दीर्घकाळ बिनहरकत चाललेल्या ताब्यालाही वजन मिळतं. वर्षातून दोनदा जाऊन तारखेसह फोटो काढा, कर भरल्याच्या पावत्या जपा.

तपासणीसाठी येताना प्लॉटच्या नकाशाची प्रत आणि विक्रेत्याची लेखी संमती आणा. खड्डा त्याच्या जमिनीत खणायचा असल्याने संमतीशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. विक्रेता खड्ड्याला नकार देत असेल, तर इसार देण्याआधी आम्हाला एक फोन करा.