चार धावांची उधारी

१४ ऑगस्ट १९४८. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडचा डाव अवघ्या ५२ धावांत गुंडाळला गेला होता. ऑस्ट्रेलियाची पहिली विकेट ११७ वर पडली आणि डॉन ब्रॅडमन फलंदाजीला उतरला. ही त्याची शेवटची कसोटी. प्रेक्षक उभे राहिले, इंग्लंडच्या खेळाडूंनी त्याच्यासाठी जयघोष केला. एरिक हॉलीजचा पहिला चेंडू त्याने खेळून काढला. दुसरा गुगली होता, आणि त्यावर त्रिफळा उडाला. शून्य.

त्या क्षणी त्याच्या नावावर ६९९६ धावा होत्या. ८० डाव, त्यांतले १० नाबाद, म्हणजे ७० वेळा बाद. फलंदाजाची सरासरी काढताना धावांना डावांनी नाही, किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. ६९९६ भागिले ७०, सरासरी ९९.९४. चार धावा झाल्या असत्या तर बरोबर १००! क्रिकेटवेड्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो. पण ‘चारच का?’ हा प्रश्न मुलांना विचारला की बहुतेक जण थबकतात. सरासरी फक्त ०.०६ ने कमी पडली, मग कमतरता ०.०६ ची का नाही? मला वाटतं, सरासरीचं सगळं गणित या एका प्रश्नात आहे.

शाळेत आपण सरासरी काढायला शिकतो: सगळ्यांची बेरीज करा, संख्येने भागा. सरासरी आधीच ठरलेली असेल आणि एक आकडा हरवलेला असेल, तर याच वाटेने उलटं चालायचं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त या उलट चालीला स्वतंत्र नियमच दिला आहे, व्यस्तविधी. उत्तराकडून मागे जाताना भागाकाराच्या जागी गुणाकार करायचा, बेरजेच्या जागी वजाबाकी. ब्रॅडमनला १०० ची सरासरी हवी आणि भाजक ७०, म्हणून एकूण धावा हव्यात १०० गुणिले ७०, म्हणजे ७०००. हातात ६९९६. राहिल्या चार. सरासरीतली ०.०६ ची फट ही ७० वाटेकऱ्यांत वाटली गेलेली फट आहे, म्हणून ती इतकी बारीक दिसते.

हे बरोबर आहे, पण मला दुसरी रीत जास्त आवडते. किराणा दुकानातल्या वहीसारखं खातं मांडायचं. लक्ष्य १०० चं आहे, तर प्रत्येक वेळी बाद झाल्यावर खात्यातून १०० वजा होतात आणि काढलेल्या धावा जमा होतात. ओव्हलवर उतरण्याआधी ब्रॅडमन ६९ वेळा बाद झाला होता: ६९०० नावे, ६९९६ जमा, शिल्लक ९६. त्याची सरासरी तेव्हा १०१.३९ होती. आता आणखी एकदा बाद होण्याची किंमत १०० आणि खिशात ९६. चार कुठून आले ते या मांडणीत एका नजरेत दिसतं.

आणि नाबादाची गंमतही याच वहीत उलगडते. नाबाद डावात धावा जमा होतात, पण नावे काहीच पडत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत, भारताविरुद्धच्या मालिकेतल्या मेलबर्नच्या शेवटच्या कसोटीत, ब्रॅडमन ५७ धावांवर दुखापतीमुळे डाव अर्धवट सोडून परतला. (याच मालिकेत ॲडलेडला त्याने २०१ काढल्या, तर आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. तो सामना आठवला की अजून छाती फुलते.) ते ५७ नाबाद धरले गेले आणि फुकटात जमा झाले. तिथे तो ५७ वरच बाद झाला असता, तर ओव्हलवर चार नव्हे, १०४ धावा लागल्या असत्या.

ओव्हलला दुसरा डाव मिळाला असता तर? ऑस्ट्रेलियाने एक डाव आणि १४९ धावांनी सामना जिंकला, त्यामुळे तो मिळालाच नाही. मिळाला असता तर नाबाद राहून चार धावा पुरल्या असत्या. पण बाद झाला असता तर पुन्हा १०४. एकच लक्ष्य, एकच फलंदाज, तरी हवा असलेला आकडा चार की एकशेचार हे भाजक वाढतो की नाही यावर ठरतं. म्हणून ‘किती लागतील?’ असं विचारण्याआधी ‘कशाने भागणार?’ हे विचारायला हवं.

परीक्षेत भाजक ठरलेला असतो, त्यामुळे हिशोब सोपा. चार पेपरांत ६२, ७०, ५८, ६६ पडले, पाच पेपरांची सरासरी ७० हवी. वही मांडा: ८ ची तूट, बरोबरी, १२ ची तूट, ४ ची तूट. एकूण तूट २४. पाचव्यात स्वतःचे ७० आणि ही २४ मिळून ९४ हवेत. अवघड, पण शक्य. आता लक्ष्य फक्त दोनाने वाढवून ७२ करा. पाचव्यात १०४ लागतात, १०० गुणांच्या पेपरात! लक्ष्य दोनने सरकलं आणि मागणी दहाने वाढली, कारण पाचही पेपरांचं वाढलेलं देणं एकट्या शेवटच्या पेपरावर येऊन पडतं. मुलांना ‘थोडंसंच वाढव’ म्हणताना आपण हे विसरतो.

कॉलेजच्या हजेरीत भाजक थांबत नाही, रोज वाढतो. समजा ४० तासांपैकी २४ ला हजर, म्हणजे ६० टक्के, आणि ७५ टक्के लागतात. ७५ टक्के म्हणजे दर चार तासांत तीनदा हजर. म्हणून एक दांडी भरून काढायला तीन हजेऱ्या लागतात. १६ दांड्यांना ४८ हजेऱ्या हव्यात, झाल्या २४, अजून २४ सलग बसायचं. तेव्हा होतील ६४ पैकी ४८. ‘पंधरा टक्केच तर कमी आहेत’ म्हणणाऱ्या मुलाला हा २४ चा आकडा सत्राच्या शेवटी कळून उपयोग नसतो, तेवढे तास उरलेलेच नसतात. तो सत्राच्या मध्यावर सांगायला हवा.

मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्थायमरने आइनस्टाइनला पत्रातून एक कोडं घातलं होतं. जुनी मोटार एक मैलाचा चढ सरासरी ताशी १५ मैलांनी चढते, मग एक मैल उतरते. पूर्ण दोन मैलांची सरासरी ताशी ३० मैल यायला उतारावर वेग किती हवा? मनात लगेच ४५ येतं, कारण १५ आणि ४५ ची सरासरी ३०. पण वेगाचा भाजक मैल नसतो, वेळ असतो. ताशी ३० मैलांनी दोन मैल म्हणजे चार मिनिटं. आणि ताशी १५ मैलांनी एक मैल चढायलाही चार मिनिटंच लागतात. आइनस्टाइनने उत्तरात प्रांजळपणे कळवलं, की उतारासाठी वेळच उरत नाही हे त्याच्या लक्षात आलं ते प्रत्यक्ष हिशोब मांडल्यावर.